आधी काटा, मग घाट

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळच्या वेळी गाडी अडकली की करण्यासारखे फारसे काही उरत नाही. अशा वेळी मी शेजारच्या ट्रकच्या अंगावरचे आकडे वाचत बसतो. मागच्या बाजूची शेरोशायरी सगळेच वाचतात; मी केबिनच्या दाराजवळ रंगवलेले बारीक आकडे वाचतो. एक आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा असतो. दुसरा, माल भरल्यावर तिचे वजन जास्तीत जास्त किती व्हावे याचा. दोहोंची वजाबाकी केली की त्या गाडीत कायद्याने किती माल बसतो ते समजते. मग मी तिचे टायर बघतो, पाटे किती सरळ झालेत ते बघतो आणि ही गाडी आत्ता किती भरली असेल याचा मनाशी अंदाज बांधतो. भोसरीच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात तीस वर्षे काढल्यावर ही खोड जडते. अंदाज बरोबर आला की चुकला, हे मात्र चौकात कळत नाही. ते कळायची जागा एकच, वजनकाटा.

आपल्या भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात 'काटा' म्हटले की कोणाला बाभळीचा काटा आठवत नाही आणि घड्याळाचाही नाही. "काटा करून ये," असे सुपरवायझरने सांगितले की ड्रायव्हर मुकाट्याने गाडी काढतो. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा किंवा पोलादाचा लांबलचक चौथरा, शेजारी एक खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीवर लाल आकडे लुकलुकणारी पाटी. बहुतेक काटे चोवीस तास उघडे असतात. कारखान्याचा पत्रा, कुदळवाडीचे भंगार, चाकणच्या बाजाराचा कांदा, सगळे या चौथऱ्यावरून जाते. (कुदळवाडीतली भंगाराची गोदामे २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली, पण भंगार काही संपत नाही, ते दुसऱ्या रस्त्याने काट्यावर येते.) इतकी वर्षे या चौथऱ्याशी संबंध आला, तरी तिथे एखाद्याच्या जिवाचा हिशेब होतो असे मला कधी वाटले नव्हते. ते माझ्या भाच्यामुळे कळले.

झाले असे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरचे घर घेऊन हिंडायचे, रात्री तिथेच झोपायचे, अशी ही कल्पना. त्या धोरणात मोटारीच्या मागे जोडायच्या कॅम्पर ट्रेलरचाही उल्लेख आहे. भाच्याचा फॅब्रिकेशनचा छोटा धंदा. त्याने आणि त्याच्या दोघा मित्रांनी ठरवले, की आपणही असा एक ट्रेलर बनवून बघायचा. कारखान्यातल्या गेटांच्या आणि रॅकच्या कामातून वेळ काढून सात-आठ महिन्यांत त्यांनी तो उभा केला. आत दोन माणसांची झोपायची सोय, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, दिव्यांसाठी बॅटरी. बाहेरून पांढरा रंग आणि निळी पट्टी. दिसायला देखणा झाला होता, यात शंका नाही.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

"साडेआठशे किलो, मामा. ड्रॉइंगवरून काढलंय."

"काटा केलास का?"

"त्याला काटा कशाला? ट्रक थोडाच आहे?"

नंतरच्या गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एमआयडीसीतला एक मोकळा अंतर्गत रस्ता बघून त्यांनी जीपला ट्रेलर जोडला आणि चाचणी घेतली. कागदपत्रे पुरी होण्याआधी असे करायला नको होते, हे मी त्यांना नंतर चांगले सुनावले. तीस-चाळीसच्या वेगाला सगळे ठीक होते. पन्नास ओलांडल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे हलू लागला. आधी थोडा, मग जास्त, मग कुत्र्याचे शेपूट हलावे तसा. आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी जीपचे ढुंगणही तो आपल्याबरोबर ओढू लागला. भाच्याने घाबरून ब्रेक दाबला असता तर ट्रेलर जीपला वळसा घालून पुढे आला असता. सुदैवाने त्याला काही सुचलेच नाही. पाय ॲक्सिलेटरवरून निघाला आणि हात स्टिअरिंगला घट्ट चिकटले. खरे तर अशा वेळी एवढेच करायचे असते. वेग उतरला, हेलकावे थांबले. तिघेही बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून होते. रस्त्यावर समोरून एखादा कंटेनर येत असता तर हे भाषण मी दिले नसते.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. हिचमध्ये काहीतरी दोष असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, असे त्याचे चालले होते. मी म्हटले, "उद्या सकाळी काट्यावर जाऊ. मग बोलू."

काटा कसा चालतो, हे थोडक्यात सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा तरफांचे काटे होते. चौथऱ्याखाली खड्डा, खड्ड्यात एकीत एक अडकवलेल्या तरफा, आणि त्यांचे शेवटचे टोक खोलीतल्या पितळी दांडीला जोडलेले. कारकून त्या दांडीवरून वजन सरकवत सरकवत ती आडवी करायचा. आता चौथऱ्याच्या खाली चार, सहा किंवा आठ लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा भरीव ठोकळा. त्याला धातूची अगदी पातळ, वेटोळी पट्टी चिकटवलेली असते. वजन पडले की पोलाद दबते. डोळ्यांना दिसणार नाही इतकेच, पण दबते. त्याबरोबर ती पट्टी ताणली किंवा आखडली जाते आणि तिच्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. तो बदल मोजून पाटीवर किलो दाखवले जातात. एवढ्या मोठ्या गाडीचे वजन केसाहून बारीक हालचालीवरून कळते, याचे मला अजून नवल वाटते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, घुशी वायर कुरतडतात, वीज पडून लोडसेल जळतो. काटेवाल्यांच्या कपाळावर आठ्या असतात त्या उगीच नाही.

मोठे सार्वजनिक काटे साधारण साठ टनांपर्यंतचे असतात आणि बरेचसे दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात. म्हणजे १,२१४ किलो असतील तर पाटीवर १,२१० येणार. तीस टनांच्या ट्रकला याने काही फरक पडत नाही. आपल्या ट्रेलरला कुठे पडतो, ते पुढे येईलच.

शुक्रवारी सकाळी आम्ही मोशीच्या बाजूच्या एका काट्यावर गेलो. काट्यावरचा मुलगा ट्रेलरकडे बघून हसला, पण कामाला हुशार निघाला. आधी पाटीवर शून्य आहे ना ते मी बघितले. चौथऱ्यावर आधीच्या गाडीतून सांडलेली खडी पडली होती, ती त्याने झाडून टाकली. मग तीन काटे केले.

पहिला, जीप आणि ट्रेलर जोडलेल्या स्थितीत, दोन्ही पूर्ण चौथऱ्यावर. आकडा आला ३,४६०.

दुसरा, न सोडवता जीप पुढे काढून, चौथऱ्यावर फक्त ट्रेलरची चाके. आकडा १,२००.

तिसरा, ट्रेलर सोडून बाजूला उभा केला आणि जीप एकटी चढवली, त्याच तीन माणसांसह. आकडा २,२४०.

आता वजाबाकी करा. ३,४६० मधून जीपचे २,२४० गेले, उरले १,२२०. हे ट्रेलरचे खरे वजन. कागदावर साडेआठशे, काट्यावर बाराशे वीस! भाच्याचा चेहरा उतरला. पण मला त्याहून जास्त काळजी वाटली ती दुसऱ्या आकड्याची. ट्रेलरचे एकूण वजन १,२२० आणि त्यातले १,२०० चाकांवर. मग जीपच्या हुकावर किती? अवघे वीस किलो.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे लगेच समजेल. बैलगाडी भरताना जाणता माणूस माल असा रचतो, की जुवावर थोडा भार राहिला पाहिजे. फार भार आला तर बैलांच्या माना मोडतात. माल मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवर ताबा राहत नाही. ट्रेलरचेही नेमके तेच. त्याचे नाक, म्हणजे हुकात अडकणारे पुढचे टोक, थोडे जड असले पाहिजे. युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार नाकावर ठेवण्याचा प्रघात आहे, अमेरिकेत दहा ते पंधरा टक्क्यांचा. आमच्या ट्रेलरच्या नाकावर दोन टक्केही नव्हते. गाडी उलाळ होती. पोरांनी पाण्याची शंभर लिटरची टाकी अगदी मागच्या टोकाला बसवली होती, कारण तिथे नळ काढायला सोपे गेले!

आणि हे वीस किलोही खरे होते का? तीन आकडे, प्रत्येकात पाच किलो इकडे-तिकडे धरा. वजाबाक्या करत गेलो की चुका साठत जातात. वीसाचे पाचही असू शकतात, नाहीतर पस्तीसही. नाकाचे वजन म्हणूनच मोठ्या काट्यावर धड कळत नाही, तिथे फक्त शंका येते. नुसते नाक त्या चौथऱ्यावर टेकवूनही उपयोग नाही. दहा किलोंच्या टप्प्याच्या काट्यावर दोनशे किलोंच्या आतले वजन करू नये, असा नियमच आहे. नाकासाठी दुकानातला साधा प्लॅटफॉर्म काटा घ्यायचा, ज्यावर कांद्याची गोणी ठेवतात तो. त्यावर जीपच्या हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करायचा, चाकांना ओट लावायची आणि ट्रेलरचे नाक त्या ठोकळ्यावर अलगद टेकवायचे. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि आडवा सरळ हवा. नाक उंचावले तर आकडा बदलतो. आम्ही हे एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर केले. आकडा आला अठरा.

मग तीनशे सत्तर किलो आले कुठून, याचा शोध सुरू झाला. ड्रॉइंगमध्ये पाणी धरलेलेच नव्हते. पाण्याला वजन असते हे सगळ्यांना माहीत असते आणि हिशेबाच्या वेळी सगळे विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी साठ किलोंच्या घरात. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलो. हे झाले एकशे नव्वद. बाकीचे प्लायवूडने आणि लोखंडी पाइपने खाल्ले. आठ बाय चारचा अठरा मिलिमीटरचा एक प्लाय तीस किलोंच्या वर भरतो आणि पोरांनी कपाटांना तोच वापरला होता, घरच्या कपाटांना वापरतात म्हणून.

टायरकडे मी मुद्दाम वळलो. टायरच्या बाजूला माप लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारी एक आकडा व एक इंग्रजी अक्षर. तो आकडा म्हणजे टायर किती भार पेलेल याचा सांकेतिक क्रमांक. आमच्या टायरवर ८८ होते. ८८ म्हणजे ५६० किलो. दोन टायर, १,१२० किलो. चाकांवर होते १,२००. आणि ॲक्सल, जो त्यांनी विकत आणला होता, तो हजार किलोंचा. अशा चाकांवर मे महिन्याच्या उन्हात नाशिक रस्त्याने निघायचा त्यांचा बेत होता.

इथे थोडे ट्रककडे वळतो, कारण ट्रेलरचा हा हिशेब ट्रकवाल्यांच्या हिशेबाहून वेगळा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ११३ व्या कलमानुसार, नोंदणीत लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ११४ वे कलम अधिकाऱ्याला संशयित गाडी जवळच्या काट्यावर नेऊन वजन करायला लावण्याचा आणि जास्तीचा माल तिथेच उतरवण्याचा अधिकार देते. पूर्वी दंड भरला की तीच भरलेली गाडी पुढे निघायची. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की नुसता दंड घेऊन सोडायचे नाही, जास्तीचा माल उतरवलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. दरम्यान जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादाच वाढवल्या. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टन चालत होते, त्याचे ११.५ झाले. दोन ॲक्सलच्या ट्रकला १६.२ ऐवजी १८.५ टन. गाड्या सुधारल्या, हे त्याचे कारण खरे. पण ते वाचताना मला आमच्या आळंदी फाट्याचा रस्ता आठवला.

रस्त्याचे गणित क्रूर असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवत ठेवले आणि रस्ता कसा खचतो ते मोजले. निष्कर्ष असा निघाला, की ॲक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. वीस टक्के भार वाढवला तरी हानी दुपटीच्या घरात जाते. लक्षात घ्या, हा हिशेब गाडीच्या एकूण वजनाचा नाही, एका ॲक्सलवरच्या वजनाचा आहे. एकूण वजन कायद्यात बसणारा ट्रकसुद्धा माल सगळा मागे रचला तर मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर नेतो. आमच्या कारखान्यात पत्र्याची गुंडाळी ट्रकवर ठेवताना क्रेनवाला विचारायचा, "कुठं ठेवू?" नवखा ड्रायव्हर म्हणायचा, "ठेव कुठंही." जुना ड्रायव्हर खाली उतरून खडूने खूण करायचा.

काट्याच्या प्रामाणिकपणाविषयीही बोलायला हवे, कारण आपल्याकडे 'काटा मारणे' हा वाक्प्रचार काही आकाशातून पडलेला नाही. ऊस उत्पादकाला विचारा. गाळपाचा हंगाम आला की काटामारीची तक्रार दरवर्षी निघते आणि बरेच शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर गाडी चढवून मग कारखान्यात नेतात. वजनकाट्याची तपासणी राज्याचे वैधमापनशास्त्र खाते करते. २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. प्रमाणित वजने चौथऱ्यावर ठेवून आकडा जुळतो का ते बघतात. वीस किलोंची पन्नास वजने म्हणजे एक टन, ती उचलून ठेवणे हे हमालीचेच काम. दहा किलोंच्या टप्प्याच्या काट्याला तीस टनांवर पंधरा किलोंची चूक माफ असते, त्याहून जास्त नाही. पडताळणीचे प्रमाणपत्र खोलीत लावलेले असते. खिडकीतून डोकावून त्याची तारीख बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र माझ्या अनुभवात चोरी काट्यात कमी आणि काट्यावर चढणाऱ्या गाडीत जास्त असते. रिकाम्या गाडीचे वजन करताना क्लीनर आत बसलेला, भरलेल्या गाडीच्या वेळी बाहेर उभा. माल तेवढा कमी दिसला. किंवा उलट. डिझेलची टाकी आधी रिकामी, नंतर भरलेली. तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. पावसात भिजलेली ताडपत्री. एकदा आमच्याकडे भंगार उचलायला आलेल्या एका गाडीत रिकाम्या वजनाच्या वेळी पाण्याचे दोन पिंप होते आणि माल भरून परत येईपर्यंत ते कुठेतरी 'सांडले' होते. मी पिंपे बघितली नव्हती, मला फक्त ओला फाळका दिसला. तेव्हापासून दोन्ही वेळा गाडीभोवती एक फेरी मारायची, हा माझा नेम.

आणखी एक, ॲक्सल-ॲक्सलने वजन करून त्यांची बेरीज मालाच्या व्यवहाराला धरू नये. चौथऱ्याच्या पुढचा-मागचा रस्ता थोडा जरी उंचसखल असला तरी भार एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो. कोणत्या ॲक्सलवर साधारण किती आहे, हे समजण्यापुरता तो उपयोगाचा. तेही इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडलेला असताना. ओट मात्र हाताशी ठेवावी.

आता घाटाचे. आमच्याकडून कुठेही फिरायला निघा, घाट लागतोच. कोकणात उतरायचे तर बोरघाट, जुन्नरच्या पुढे माळशेज. जीप आणि ट्रेलर मिळून ३,४६० किलो. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतरण साधारण पाचशे मीटरची. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते ती पन्नास-साठ लिटर पाणी उकळायला पुरेल. थोडी वारा खातो, थोडी खालच्या गिअरमधले इंजिन खाते, बाकीची सगळी ब्रेकच्या लायनरला गिळावी लागते. युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हतेच. साडेआठशे किलो म्हणजे काय मोठेसे, असे पोरांना वाटले होते. प्रत्यक्षात जीपच्या चार चाकांना तिच्या निम्म्याहून जास्त वजन फुकट थांबवायचे होते.

पुढचे दोन महिने त्यांनी ट्रेलर पुन्हा उघडला. कपाटांचा जाड प्लाय काढून पातळ बसवला, नव्वद किलो गेले. लोखंडी पलंगाची चौकट काढली, सत्तर किलो. पाण्याची टाकी शंभर लिटरऐवजी चाळीसची आणि ती पुढे, नाकाच्या बाजूला. बॅटरीही पुढे. ब्रेक असलेला नवा ॲक्सल मागवला, यावर मात्र मी अडूनच बसलो होतो. जास्त भाराचे टायर घातले. मग आम्ही पुन्हा त्याच काट्यावर गेलो.

दोन्ही जोडून ३,२४०. जीप एकटी २,२४०. म्हणजे ट्रेलर बरोबर हजार किलो. चाकांवर ९१०, नाकावर ९०. व्यापाऱ्याच्या काट्यावर नाक टेकवले, तिथे ९३ आले.

त्या मुलाला तेव्हा गाड्यांची गर्दी नव्हती, म्हणून जीपचे ॲक्सलही वेगवेगळे चढवून बघितले. एकटी जीप, पुढे १,०६० आणि मागे १,१८०. ट्रेलर जोडल्यावर पुढे १,०२० आणि मागे १,३१०. भाचा गोंधळला. "मामा, नाकावर नव्वद आहेत, मग मागच्या चाकांवर एकशे तीस कसे चढले?" मी त्याला शाळेच्या मैदानातली सी-सॉ आठवायला सांगितली. हूक मागच्या चाकांच्याही मागे साडेतीन-पावणेचार फूट. तिथे भार दिला की मागचा ॲक्सल टेकू होतो आणि जीपचे तोंड थोडे वर उचलले जाते. पुढून चाळीस उतरले, ते मागे चढले. म्हणून तर नाक फार जडही करायचे नाही. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही बोथट होतात, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यात आपले दिवे जातात. जीपच्या नोंदणी पुस्तकातला एकूण वजनाचा आकडा काढून बघितला. १,०२० आणि १,३१० मिळून २,३३०, त्याच्या आत होते.

भाच्याने पावत्या घडी घालून नोंदणीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवल्या. निघताना त्याने काट्यावरच्या मुलाला पैसे दिले. मुलाने पाच काट्यांचे घेतले. व्यापाऱ्याच्या काट्याचे त्याच्याकडे आम्ही अजून देणे आहोत, कारण त्याने दोन्ही वेळा पैशांऐवजी एक रात्र त्या ट्रेलरमध्ये झोपायला मागितले आहे.